छोट्या विमानांचं इंधन हवेत संपतंच कसं? गेज नसतो का? की नवशिके पायलट चुकतात?

गेज असतो. प्रत्येक टाकीला एक. पण आत फ्लोट (इंधनावर तरंगणारा तुकडा) असतो, हेलकावे बसले की काटा नाचतो, आणि आपल्याला हवा तो आकडा आपण वाचतो.

'नवशिके' वाचून मात्र राहवलं नाही. अमेरिकेत अपघातांचा तपास करणाऱ्या एनटीएसबी या संस्थेने 2011 ते 2015 मधले इंधनाचे अपघात पाहिले. शिकाऊ पायलट 2 टक्के. कमर्शियल किंवा एटीपी (एअरलाइन पायलटचं) लायसन्सवाले 48 टक्के! शिकाऊ पोरगं टाकीत काठी बुडवून इंधन मोजतं. अनुभवी माणूस पंखाकडे नुसती नजर टाकतो.

माझ्या शेजारी असेच एक सीनिअर बसले होते. जुनी सेसना 172, वापरता येण्याजोगं इंधन 40 गॅलन, म्हणजे साधारण पाच तासांचं, पल्ला 400 नॉटिकल मैल. समोरचा वारा 10 नॉट धरून चार तासांचा हिशेब केला होता, म्हणजे तासाभराचं इंधन शिल्लक राहायला हवं. वारा निघाला त्याच्या दुपटीहून जास्त. चार तास दहा मिनिटं झाली तरी मुक्काम 25 मिनिटं लांब. मी म्हटलं, "सर, वाटेतल्या फील्डवर उतरतो." ते म्हणाले, "काटा पाव टाकीवर आहे, घाबरतोस काय?" विमान मी चालवत होतो. उतरलो.

पंपावर दोन्ही टाक्या मिळून 35 गॅलन बसलं. म्हणजे उरलं होतं 5, जेमतेम 35 मिनिटांचं. पाव टाकी म्हणे! त्यावर सरांचं म्हणणं, "बघ, पोचलो असतो." त्यानंतर चारचौघांत माझं नाव 'पंपवाला' पडलं ते पडलंच.

सगळेच अपघात टाकी रिकामी होऊन होत नाहीत, हेही सांगायला हवं. एका टाकीत इंधन असतं आणि सिलेक्टर, म्हणजे कुठल्या टाकीतून इंधन घ्यायचं ते ठरवणारी खुंटी, दुसरीवर राहतो. गायक जॉन डेन्व्हर 1997 मध्ये विमान अपघातात गेला, त्याच्या लाँग-ईझेड विमानात तो सिलेक्टर डाव्या खांद्याच्या मागे होता. मिक्स्चर लीन न करता (हवेच्या मानाने इंधन कमी न करता) तासन्‌तास उडणं हे आणखी एक कारण. त्यावर इथे लिहीत बसत नाही.

शिकत असाल तर काठी आणि घड्याळ या दोनच गोष्टींवर विश्वास ठेवा. गेजवर नको, शेजारच्यावर तर अजिबात नको. माझे आकडे त्या एका विमानाचे आहेत, तुमच्या विमानाचं मॅन्युअल बघा. शिवाय दिवसा 30 मिनिटं राखीव इंधनाचा अमेरिकेतला नियम निघतानाच्या हिशेबाचा आहे, उतरताना तेवढं उरलंच पाहिजे असा नाही, हे सर म्हणतात ते बरोबर.

सर, हे वाचत असाल तर: पोचलो असतो, मान्य. पण धावपट्टीवर आधीचं विमान टायर फुटून अडकलेलं असतं, तर उरलेल्या 10 मिनिटांत तुम्ही मला कुठे उतरायला सांगितलं असतं?