एकांकिकेतून सिनेमाकडे निघालीयेस तर

अगं,

तुझा रात्री दीडचा मेसेज सकाळी वाचला. करंडक मिळाला, आता ग्रुप सोडून मुंबई गाठू का, कुणाकडे एडी, म्हणजे असिस्टंट डायरेक्टर म्हणून लागू का, नाटकात आता काय उरलंय वगैरे वगैरे. शेवटच्या वाक्यावर जरा राग आला, पण ठीके, तुझ्या वयात मीपण असंच बोलायचो.

दिग्दर्शक जब्बार पटेलांचं बघ ना. बी. जे. मेडिकलमधून डॉक्टर झालेला माणूस, दवाखाना दौंडला आणि तालमी पुण्यात. डिसेंबर 1972 मध्ये विजय तेंडुलकरांचं 'घाशीराम कोतवाल' त्यांनी रंगमंचावर आणलं, 19 प्रयोगांनंतर ते करणाऱ्या संस्थेनंच थांबवलं, तर नाटकातल्याच मंडळींनी 1973 ला थिएटर अ‍ॅकॅडमी काढून ते परत उभं केलं. 'सामना' हा सिनेमा त्यानंतरचा. लेखक तेंडुलकरच, निर्माते रामदास फुटाणे, समोर निळूभाऊ फुले आणि डॉ. श्रीराम लागू, आणि हा पहिलाच सिनेमा 1975 ला थेट बर्लिनच्या फिल्म फेस्टिव्हलच्या स्पर्धेत. पण मला बर्लिनपेक्षा घाशीराममधली ती माणसांची भिंत जास्त महत्त्वाची वाटते. ब्राह्मणांची रांग पाठ फिरवून उभी राहिली की मागचं सगळं गायब, बाजूला झाली की दिसायला लागतं. म्हणजे प्रेक्षकाला कधी काय दाखवायचं आणि कधी लपवायचं, हे त्या माणसाने कॅमेरा नसतानाच ठरवायला सुरुवात केली होती. तुझ्या एकांकिकेत असं कुठे केलंयस ते शोध, मला एक जागा दिसली होती, सांगणार नाही.

आता माझी फजिती ऐक. पहिली शॉर्टफिल्म, स्वयंपाकघरातला सीन, आईच्या रोलला आमच्याच ग्रुपमधली ताई, स्टेजवर पंधरा वर्षं काढलेली. तिने "जेवलास का?" असं म्हटलं की साउंडवाल्याने हेडफोनच काढून ठेवला. आणि मी मॉनिटरसमोर बसून खूश, कारण मला शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाण्याची सवय! पाचव्या टेकला कॅमेरामन म्हणाला, सर, त्यांच्या हाताकडे बघा. ताई ओले हात पदराला पुसत होती, एकेक बोट सावकाश, आणि मुलाकडे बघतच नव्हती. झालं, वाक्यच काढून टाकलं.

दुसऱ्या दिवशी त्याहून वाईट. रडण्याचा सीन लोकेशनच्या सोयीसाठी आधी लावलेला. ताईने विचारलं, याच्या आधी काय झालंय? मला धड सांगता येईना. नाटकात पहिल्यापासून चढत जायची सवय असते, तिथे मधूनच उडी मारायची. तेव्हापासून शूटच्या आधी दहा दिवस तालीम घेतोच, वाचनापासून, अगदी क्रमाने. प्रोड्युसर म्हणतात एवढा वेळ कशाला, पण एकदा सगळी गोष्ट नटांच्या अंगात मुरली की चौदावा सीन पहिल्या दिवशी लावला तरी ते गडबडत नाहीत, आणि सेटवरचा वेळ वाचतो तो वेगळाच, आणि सेटवरचा वेळ तालमीच्या हॉलसारखा स्वस्तात मिळत नाही बाई.

एडीचं म्हणशील तर एका सिनेमाचं शूटिंग शेड्यूल जरूर कर. कंटिन्युइटीचं, म्हणजे शॉटला शॉट जुळतोय का बघायचं काम माग, नुसती क्लॅपची पाटी वाजवण्यात अडकू नकोस. कप कुठल्या हातात होता, घड्याळात किती वाजले होते, हे महिनाभर लिहिलंस की सीनचे तुकडे कसे होतात ते आपोआप कळेल. पैसे किती आणि कधी ते आधी लेखी घे, मी घेतलं नव्हतं, अजून यायचेत.

पण ग्रुप सोडायची घाई कशाला? तुझा लाईटवाला, ती लिहिणारी मुलगी, ही माणसं मुंबईत पहिल्या वर्षी मिळणार नाहीत. हवं तर त्यांनाच घेऊन दहा मिनिटांचं काहीतरी शूट कर, मोबाईलवर का होईना.

रविवारी ये. स्क्रिप्टची प्रिंट काढून आण, मोबाईलवर वाचून माझे डोळे दुखतात. आणि चार वाजता म्हणजे चार, तालमीसारखं साडेचार नाही.

तुझा,
दादा