‘रूपांतरित पटकथा’ की ‘आधारित पटकथा’?

धुळ्याच्या एका ताईंनी विचारलंय : महाविद्यालयात लघुपट स्पर्धा आहे, पटकथेला दोन बक्षिसं आहेत आणि प्रशस्तिपत्रं मराठीत छापायची आहेत. एकावर ‘मूळ पटकथा’ आणि दुसऱ्यावर ‘रूपांतरित पटकथा’ असं ठरत आलं होतं, तेवढ्यात एक परीक्षक ‘आधारित’वर अडून बसले. शिवाय एक लघुपट आपल्या खानदेशातल्या कानबाई देवीच्या गाण्यावरून केलेला आहे, तो कशात धरायचा? ‘भाऊ, यामा खरं कोनतं?’

ताई, ‘रूपांतरित’ चूक नाही. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत २००९च्या चित्रपटांपासून पटकथेचे स्वतंत्र आणि ‘अडॅप्टेड’ (म्हणजे आधीच्या कृतीवरून केलेली) असे दोन भाग झाले, तेव्हापासून मराठी बातम्यांत हा शब्द सर्रास दिसतो. २०११चा असा पुरस्कार मिलिंद बोकील यांच्या कादंबरीवरच्या ‘शाळा’ चित्रपटासाठी अविनाश देशपांडे निगडी यांना मिळाला.

तरी मला हा शब्द खटकतो, आणि त्याला कारण आपली रंगभूमी. मराठीत ‘रूपांतर’ हा नाटकवाल्यांनी शंभराहून अधिक वर्षं वापरून पक्का केलेला शब्द आहे. देवलांनी १८९०मध्ये ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंजारराव’ केलं, पुलंनी ‘पिग्मॅलियन’वरून ‘ती फुलराणी’ केलं. परकी माणसं इथली झाली, त्यांची नावं, गावं, बोली सगळं बदललं, पण नाटकाचं नाटकच राहिलं. ‘रूपांतरित नाटक’ म्हणजे दुसऱ्या नाटकावरून केलेलं नाटक. त्याच चालीवर ‘रूपांतरित पटकथा’ म्हणजे दुसऱ्या पटकथेवरून केलेली पटकथा असा अर्थ कानाला लागतो. चित्रपटात बहुधा तसं नसतं. कादंबरीची किंवा नाटकाची पटकथा होते, म्हणजे माध्यमच बदलतं. अभ्यासक त्याला ‘माध्यमांतर’ म्हणतात. शब्द नेमका आहे, पण प्रशस्तिपत्रावर फार पुस्तकी वाटेल.

आता ‘आधारित’. तुमच्या परीक्षकांचा कल मला बरा वाटतो, पण नुसतं ‘आधारित’ अर्धवट आहे. आपल्याकडे पडद्यावर सर्वांत जास्त वेळा वाचलेलं वाक्य म्हणजे ‘सत्य घटनेवर आधारित’. मग खऱ्या घटनेवरची प्रत्येक पटकथा या गटात येईल की काय? ऑस्करमध्ये तसं होत नाही. बॉस्टनच्या पत्रकारांची खरी शोधकथा सांगणाऱ्या ‘स्पॉटलाइट’ला २०१६च्या सोहळ्यात पुरस्कार मिळाला तो स्वतंत्र पटकथेचा. घटना खरी असली तरी पटकथा कुठल्या पुस्तकावरून उचललेली नव्हती.

‘साहित्यकृतीवर आधारित’ असंही म्हणून पाहाल, पण तेही पुरत नाही. ऑस्करवाले चित्रपटाचा पुढचा भागसुद्धा या गटात घेतात, कारण पात्रं आधीची असतात. ‘व्हिप्लॅश’च्या दिग्दर्शकाने त्याच पटकथेतला एक तुकडा आधी लघुपट म्हणून केला होता, तेवढ्यावरून ऑस्कर देणाऱ्या अकादमीने त्याला या गटात टाकलं. ‘बार्बी’चं तर मूळच बाहुली! अमेरिकेतल्या लेखकांच्या संघटनेने हे दोन्ही चित्रपट स्वतंत्र धरले होते, तेव्हा वाद तिकडेही मिटलेला नाही.

म्हणून माझं मत : ‘पूर्वकृतीवर आधारित पटकथा’. पूर्वकृतीत कादंबरी, नाटक, लघुपट, पोवाडा सगळं बसतं आणि सत्य घटना बाहेर राहते. आपल्या बोलण्यातलं ‘बेतलेली’ही मला फार आवडतं. शिंप्याने कापड बेतावं तशी ही कारागिरी असते. पण पुरस्काराच्या नावात ‘आधारित’च शोभेल.

‘मूळ पटकथा’ मात्र काढाच. ‘मूळ पटकथेत हा प्रसंग नव्हता’ असं आपण म्हणतो तेव्हा पहिला खर्डा मनात असतो. त्यात पूर्वकृतीवाल्या गटाशेजारी ‘मूळ’ छापलंत तर वाचणारा पुरता गोंधळेल. नाटकवाले ‘रूपांतरित’च्या समोर ‘स्वतंत्र’ लिहीत आलेत, तोच शब्द घ्या.

कानबाईच्या लघुपटाला एकच प्रश्न विचारा : गाण्यातली गोष्ट पटकथेत आहे का? असेल तर पूर्वकृतीवर आधारित, मग गाणं कुणी रचलं हे ठाऊक नसलं तरी चालेल. प्राचीन ग्रीक कवी होमरच्या महाकाव्याचा धागा घेतलेला, अमेरिकी दिग्दर्शक कोएन बंधूंचा चित्रपट ऑस्करच्या याच गटात नामांकित झाला होता. श्रावणात कानबाई बसते, रोटांचा नैवेद्य होतो आणि त्या घरात काही वेगळंच घडतं, एवढंच असेल तर ती पटकथा स्वतंत्र.

अमळनेरला शिक्षक असलेल्या साने गुरुजींच्या पुस्तकावरून अत्र्यांनी केलेल्या ‘श्यामची आई’ला १९५४मध्ये, पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारांत, राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, तेव्हा पटकथेला वेगळा पुरस्कारच नव्हता. त्यामुळे या गटांच्या नावांना मराठीत फार जुनी परंपरा नाही आणि ती बदलायला कुणाची हरकत असू नये. आणि हो, कुणी ‘मालेगाव के शोले’च्या धर्तीवर विडंबन पाठवलं, तर तेही पूर्वकृतीवाल्या गटातच घ्या.