कोचच्या टेललाइटमागे गाडी चालवू नका

मोटरसायकल शिकण्याबद्दलची तुमची पोस्ट दोनदा वाचली. मैदानात आठचा आकडा जमतो, रस्त्यावर कोच स्वतःच्या गाडीवर पुढे असला की तुमची गाडी छान पळते, पण तो मागे गेला की सिग्नलला गाडी बंद पडते आणि हात थरथरायला लागतात, कोच बदलू का. अगदी हेच माझं झालं होतं म्हणून जरा सविस्तर लिहितेय. आधीच सांगते, मी ट्रेनर नाही, फक्त बरीच वर्षं रोज गाडी चालवणारी बाई आहे, तेव्हा पटेल तेवढं घ्या.

क्लच-गिअरमध्ये जात नाही, मैदानात आठ काढता म्हणजे ते हातात बसलंय. सिग्नलला गाडी बंद पडते कारण मागचा हॉर्न वाजवतो आणि तुमचा डावा हात घाबरून क्लच एकदम सोडतो. वाजवू दे त्याला. परत स्टार्ट करायला दोन सेकंद लागतात.

खरा प्रॉब्लेम कोच पुढे असण्यात आहे. माझा कोच पहिल्या दिवसापासून पुढेच असायचा, कानात इंटरकॉम, 'गिअर टाका, ब्रेक, आता वळा' असं अखंड चालू. मला वाटायचं किती छान शिकवतात, कारण गाडी खरंच छान चालायची, फक्त रस्ता ते बघत होते आणि मी त्यांचा टेललाइट. पाचव्या का सहाव्या सेशनला एका चौकात ते वळून निघून गेले, इंटरकॉमवर 'या' म्हणाले आणि मी गेले. आडव्या रस्त्याकडे बघितलंच नाही!! ते गेले तेव्हा जागा होती, मी पोचेपर्यंत तिथे कार आली होती. मी पुढचा ब्रेक गच्च दाबला, हँडल वळलेलं होतं, स्पीड जेमतेम चालण्याइतका, आणि पुढचं चाक पायाखालून सतरंजी ओढल्यासारखं निघून गेलं. कारला टच पण नाही झाला, पण पडताना हात टेकला आणि मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर, आणि त्यानंतर कित्येक महिने क्लच दाबताना कळ यायची.

हा धडा कुणी मैदानात दिलाच नव्हता. हँडल वळलेलं असताना, कमी वेगात, पुढचा ब्रेक झटक्यात दाबायचा नाही, तिथे मागच्या ब्रेकने हळू थांबवायचं. सरळ जाताना उलट आहे, तिथे थांबवण्याचं बहुतेक काम पुढचाच ब्रेक करतो, कारण सगळं वजन पुढे येतं, फक्त तो आधी हलका घेऊन मग दाबत न्यायचा. ABS (जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी सिस्टीम) असलं तरी वळलेल्या हँडलवर त्याच्या भरवशावर राहू नका, साधं ABS सरळ रेषेतल्या ब्रेकिंगसाठीच आहे असं धरून चाला.

त्या इन्स्टिट्यूटचं नाव घेत नाही, पण त्यांनी जे केलं त्याचा राग अजून गेलेला नाही. ऑफिसातल्या माणसाने पहिला प्रश्न विचारला तो गाडीला काय झालं हा. मग कुठलासा फॉर्म दाखवला, सही माझीच होती, त्यात गाडीचं नुकसान शिकणाऱ्यावर असं बारीक अक्षरात होतं. उरलेली सेशन्स बरी झाल्यावर देऊ म्हणाले, आणि बरी होऊन गेले तर मुदत संपली. तीन चकरा मारल्या मी त्या ऑफिसात. त्यामुळे सही करायच्या आधी पडलात तर खर्च कोणाचा आणि सेशन्सची मुदत किती, एवढं तरी वाचाच.

नंतर दुसऱ्या कोचकडे गेले. ते पहिल्या दिवशी म्हणाले, मी मागे राहणार आणि गप्प राहणार, तुम्ही बोला. म्हणजे जे दिसतंय ते मोठ्याने बोलत गाडी चालवायची: डावीकडे थांबलेल्या गाडीत माणूस बसलाय, दार उघडू शकतो, समोरची बस इंडिकेटर देतेय, मागे आरशात ट्रक. पहिली दहा मिनिटं फार विचित्र वाटतं, मग लक्षात येतं की जिथे बोलणं थांबलं तिथे बघणं पण थांबलं होतं. मला याच्याइतका फायदा दुसऱ्या कशानेच झाला नाही. ५० च्या स्पीडला एका सेकंदात गाडी जवळजवळ १४ मीटर पुढे जाते, आणि कोचने बघून, इंटरकॉमवर सांगून, तुम्ही ऐकून हात हलवेपर्यंत एक सेकंद कधीच गेलेला असतो.

१९८१ साली अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या टीमने मोटरसायकल अपघातांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला, लॉस एंजेलिस भागातल्या ९०० अपघातांच्या जागी जाऊन केलेला. त्यात दुसऱ्या गाडीशी झालेल्या टकरींमध्ये वारंवार एकच गोष्ट दिसली, कारवाल्याला मोटरसायकल दिसलीच नव्हती किंवा दिसेपर्यंत उशीर झाला होता. म्हणून कारवाल्याने तुमच्याकडे बघितलं तरी तुम्ही त्याला दिसलात असं समजू नका, मी तर त्याचं पुढचं चाक बघते, चाक फिरायला लागलं की गाडी निघाली, चेहऱ्यावरून काही कळत नाही. हे माझं वैयक्तिक मत आहे, काहीजण डोळ्यात बघा म्हणतात.

थोडं अवांतर, ग्लोव्हज तळहाताला पॅडिंग असलेलेच घ्या, पडताना माणूस हात टेकतोच. आणि पाऊस पडून गेल्यावर झेब्रा क्रॉसिंगच्या पांढऱ्या पट्ट्यांवर ब्रेक नको, ओला रंग फार निसरडा असतो.

आता तुमचा प्रश्न. लगेच बदलू नका. पुढच्या सेशनला कोचला सांगा, तुम्ही मागे रहा, धोका असेल तरच बोला, आणि मी चुकले तर गाडी बाजूला घेऊन मग सांगा. चांगला कोच याला आनंदाने तयार होतो. 'तुमची अजून तयारी नाही' म्हणाला तर कशाची तयारी बाकी आहे ते नेमकं विचारा, आणि त्याला ते सांगता आलं नाही तर मात्र बदला, फीचे पैसे गेले तरी चालतील. रस्ता सुरुवातीला तोच रोजचा, ओळखीचा ठेवा, पहाटे जा. हात थरथरणं माझं साधारण तिसऱ्या-चौथ्या वेळी कमी झालं, तुमचं कमी-जास्त होईल.