डायलिसिसचे वार रिकामे झाले तेव्हा

‘आई जाऊन चौदा महिने झाले. बाबा गावी एकटेच असतात. पहाटे चारला उठून बसतात, जेवण अर्धंमुर्धं, घराबाहेर पडणं जवळपास बंद. मन रमवा, मन रमवा म्हणून आम्ही सगळे थकलो. हे दुःख आहे की आजार? त्यांना पुण्याला घेऊन येऊ का?’

जोडीदार गेलेल्या आईवडिलांबद्दल मुलं समुपदेशकाला जे विचारतात, ते थोड्याफार फरकाने हेच असतं. इथे दिलेलं प्रकरण दोन-तीन कुटुंबांच्या अनुभवांतून उभं केलं आहे आणि कुणाची ओळख लागू नये म्हणून तपशील बदलले आहेत. अडचण मात्र जशीच्या तशी आहे.

या बाबांना इथे काका म्हणू आणि गेलेल्या आईला काकू. काका ७१ वर्षांचे, टपाल खात्यातून निवृत्त. काकूंची शेवटची सहा वर्षं डायलिसिसवर गेली. सोमवार, बुधवार, शुक्रवार पहाटे चारला उठायचं, पावणेसहाची एसटी धरायची, सातला मशीन लागायचं, चार तासांनी सुटायचं, दुपारी परत. मधल्या दिवसांत भाज्या चिरून पाण्यात भिजत घालायच्या आणि ते पाणी ओतून द्यायचं, म्हणजे पोटॅशियम कमी होतं. दिवसभराचं पाणी खुणा केलेल्या बाटलीतून मोजून द्यायचं. सकाळ-संध्याकाळ वजन लिहायचं. काकू गेल्या त्या दिवशी काकांची बायको गेली आणि सहा वर्षांची नोकरीही गेली. तेराव्याला आलेल्या नातेवाइकांनी पहिलं नुकसान मोजलं, दुसरं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. उलट एक-दोघांनी ‘सुटलात हो दोघंही’ असं म्हणून टाकलं. दीर्घ आजारपणानंतर सुटल्यासारखं वाटतंच, आणि तसं वाटलं याची लाजही वाटते. ते बोलून दाखवायचा हक्क सेवा करणाऱ्याचा. बाहेरच्याने ते तोंडातून काढू नये.

आता आजार की दुःख. दुःख लाटेसारखं येतं: फोटो दिसला, भरून आलं, तासाभराने माणूस बातम्या बघताना सरकारवर चिडतोही. नैराश्यात ते चढउतार सपाट होतात. कशातच चव राहत नाही आणि ‘मी कुचकामी आहे’ हा सूर सतत लागतो. तिसरा प्रकार लांबलेल्या शोकाचा. त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचं वर्गीकरण किमान सहा महिन्यांची अट घालतं, तर अमेरिकन मानसोपचार संघटनेची २०२२ची नियमावली प्रौढांसाठी १२ महिन्यांची. पण नुसतं कॅलेंडर बघून निदान होत नाही. गेलेल्या माणसाची ओढ जवळजवळ रोज, तीव्र, आणि तिच्यामुळे रोजचे व्यवहार अडलेले असावे लागतात.

ज्येष्ठांमधलं नैराश्य ओळखायला १५ प्रश्नांची एक चाचणी आहे, उत्तरं हो किंवा नाही. पाच किंवा त्याहून जास्त गुण आले तर डॉक्टरांनी पुढे तपासायला हवं. काकांचे सात आले. मात्र त्याआधी एक गोष्ट खटकली होती. मुलगी म्हणाली, बाबांच्या हातच्या भाजीत मीठच नसतं. चौदा महिने उलटून गेले तरी स्वयंपाकघर काकूंच्याच पथ्यावर चाललं होतं. त्यात काकांना रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू. वजन सहा किलोने उतरलेलं. म्हणून हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, बी-१२, क्रिएटिनिन आणि सोडियम एवढ्या तपासण्या आधी करून घ्यायला सांगितल्या. रक्तातलं सोडियम, जे मुख्यतः मिठातून मिळतं, ते १२८ निघालं. ते १३५ ते १४५ असायला हवं. सोडियम उतरलं की म्हातारपणी सुस्ती, गोंधळ, तोल जाणं, अन्नावरची वासना जाणं हे सगळं दिसतं आणि घरचे त्याला ‘खचलेत’ म्हणतात. डॉक्टरांनी गोळी बदलली, आहारात किती मीठ घ्यायचं ते सांगितलं. तीन आठवड्यांनी चाचणीचे गुण चारवर आले. यात समुपदेशनाचं श्रेय काही नाही. (हे वाचून कुणी आपल्या मनाने रक्तदाबाची गोळी बंद करू नये, मीठही वाढवू नये.)

दुसरी गोळी उशाशी सापडली. ओळखीच्या मेडिकलवाल्याने झोपेसाठी दिलेली अल्प्राझोलाम, रोज रात्री अर्धी. अशा गोळ्यांनी शोक हलका होत नाही. साठीनंतर तोल जाऊन पडण्याचा धोका मात्र वाढतो, आणि एकदम बंद केल्या तर झोप आणखी उडते. त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी कराव्या लागतात. काकूंची उरलेली औषधंही कपाटात तशीच होती. दुःखातल्या माणसाच्या घरात औषधांचा साठा ठेवू नये. मुलीने तो पहिल्याच आठवड्यात बाहेर काढला.

यानंतर खरं काम. सात दिवस रोज तीन वेळा, म्हणजे सकाळी अकराला, संध्याकाळी पाचला आणि रात्री नऊला, काकांनी वहीत एकच आकडा लिहायचा: मन किती जड आहे, शून्य ते दहा. शेजारी त्या वेळी काय करत होतो ते तीन शब्दांत. मुलीची खात्री होती की रविवार सगळ्यात वाईट जात असणार. वहीत रविवारी चार-पाचच निघाले. आठ आणि नऊ होते सोमवार, बुधवार, शुक्रवारच्या सकाळी. पहाटे चारला शरीर उठत होतं, आणि अकरापर्यंत करायला काहीच नव्हतं.

‘मन रमवा’ हा सल्ला नेमका इथे फसतो. तो दिवसाचा वार आणि तास विचारत नाही. काकांना आधी गावातल्या ज्येष्ठ नागरिक संघात पाठवलं होतं, तेही बुधवारी संध्याकाळी. तिथे कोजागरीच्या सहलीची आखणी चालली होती, जोडप्याने यायचं होतं. काका अर्ध्या तासात परतले. भजनी मंडळातही तेच झालं: बसायचं, ऐकायचं, उठायचं, गेले नाहीत तरी कुणाचं अडत नव्हतं. संघ वाईट नाहीत, मंडळंही नाहीत. पण सहा वर्षं ज्याच्या हातावर कुणाचा तरी जीव होता, त्याला करमणूक पुरत नाही. त्याची कुणीतरी वाट बघत असावं लागतं.

त्यामुळे काम निवडताना चार अटी ठेवल्या. वार आणि वेळ ठरलेली असावी. समोर वाट बघणारा माणूस असावा. हाताला आधीपासून येणारं काही त्यात लागावं. आणि सुरुवातीला ते आठवड्याला दोन तासांपेक्षा जास्त नसावं. शेवटची अट सगळ्यात जास्त मोडली जाते. रिकामपणाची भीती इतकी असते की माणूस पहिल्याच आठवड्यात पाच ठिकाणी नाव देतो, महिन्याभरात थकतो आणि ‘माझ्याने काही होत नाही’ हा नवा पुरावा गोळा करून घरी बसतो.

काकांच्या मनात पहिली कल्पना आली ती डायलिसिस केंद्रावर नव्या पेशंटच्या नातेवाइकांना मदत करण्याची. उदात्त वाटते, पण तूर्त थांबवली. मरणासन्न रुग्णांची सेवा करणाऱ्या अनेक संस्था स्वतःच्या घरी मृत्यू झालेल्या स्वयंसेवकाला साधारण वर्षभर थांबायला सांगतात. वर्ष उलटलं होतं, तरी त्या दवाखान्याच्या रस्त्याने काका अजून जात नव्हते. एसटीने जायचं झालं तर एक थांबा आधी उतरून चालत. त्या रस्त्याने जाऊन आल्यावर रात्रीची झोप मोडत नाही, असं चार वेळा झालं की मग तो विषय काढायचा, असं ठरलं.

त्याऐवजी टपाल खात्यातल्या ३४ वर्षांचा उपयोग झाला. गावच्या सार्वजनिक वाचनालयात एक टेबल आणि दोन खुर्च्या मिळाल्या. सोमवारी सकाळी दहा ते अकरा आणि शुक्रवारी दहा ते अकरा. काम: ज्यांच्या घरात नुकताच मृत्यू झाला आहे, त्यांचे कागद लावून देणं. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत, दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदमच काढून ठेवणं, बँकेत आणि पोस्टात नामनिर्देशन आहे का ते बघणं, सातबाऱ्यावर वारस नोंदीचा अर्ज, नोव्हेंबरमध्ये निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला. विधवा बाई ६५ वर्षांखालची असेल तर संजय गांधी निराधार योजना, ६५ किंवा त्यापुढे असेल तर श्रावणबाळ. अर्ज चुकीच्या योजनेत टाकला की तो महिनोन्‌महिने पडून राहतो. आधारवरचं नाव आणि दाखल्यावरचं नाव जुळत नाही, हे तर दर तिसऱ्या माणसाचं दुखणं.

इथे बंधनंही पहिल्या दिवसापासून लागतात, नाहीतर मदत करणारा अडकतो. कुणाचा ओटीपी विचारायचा नाही. मूळ कागद ठेवून घ्यायचे नाहीत. पैसे हातात घ्यायचे नाहीत, अर्जाचं शुल्कसुद्धा नाही. कुणाच्या घरी एकट्याने जायचं नाही. आलेल्या माणसाची तारीख, काम आणि पुढची पायरी एका वहीत लिहायची, त्याची सही घ्यायची. अकरा वाजले की उठायचं, रांग असली तरी. पाचव्या आठवड्यात काका एकपर्यंत बसले आणि पुढचा शुक्रवार चुकला. तेव्हापासून अकराला ग्रंथपाल स्वतः टेबल रिकामं करून घेतात.

बुधवार मुद्दाम मोकळा ठेवला. शोकाला जागा न देता नुसती कामं भरली तर तो रात्री दोनला उठवतो. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या अभ्यासकांनी १९९९मध्ये मांडलं की शोकातला निरोगी माणूस दोन बाजूंमध्ये ये-जा करत असतो: कधी गेलेल्या माणसाकडे, कधी पुढच्या व्यवहाराकडे. एकाच बाजूला अडकून पडणं धोक्याचं. म्हणून बुधवारी सकाळी वीस मिनिटं काकूंच्या फोटोसमोर बसायचं, वाटेल ते मोठ्याने बोलायचं किंवा लिहायचं. घड्याळाचा गजर झाला की चपला घालून दूध आणायला जायचं. शेवटी उठून बाहेर पडण्याची कृती ठरलेली नसेल तर वीस मिनिटांचा दिवस होतो.

या बोलण्यातूनच तिसऱ्या बुधवारी नारळपाणी वर आलं. शेवटच्या रविवारी काकूंनी हट्ट केला, काकांनी अर्धा पेला दिला. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर, डायलिसिसच्या पेशंटला ते वर्ज्य. गुरुवारी पहाटे काकू गेल्या. चौदा महिने काका हे कुणाला बोलले नव्हते. अशा वेळी ‘तुमची काही चूक नाही’ म्हणणं निरुपयोगी असतं. ऐकणाऱ्याला वाटतं, यांना माहीत नाही म्हणून म्हणताहेत. त्याऐवजी फाइल घेऊन मूत्रपिंडतज्ज्ञांची वेळ घ्यायला लावली. डॉक्टरांनी तारखा मांडल्या: रविवारनंतर सोमवारचं आणि बुधवारचं डायलिसिस पूर्ण चार तास झालं होतं, बुधवारच्या नोंदीत पोटॅशियम आटोक्यात होतं, हृदय वर्षभर आधीपासून अशक्त होतं. पंधरा मिनिटांचं काम. अपराधभाव एका दिवसात गेला नाही, पण वहीतला बुधवारचा आकडा पुढच्या महिन्यात आठवरून पाचवर आला. खरंच चूक झालेली असती तर वेगळ्या वाटेने जावं लागलं असतं, हेही सांगायला हवं. प्रत्येक वेळी फाइल सोडवत नाही.

कपाटाचं म्हणाल तर साड्या एकदम वाटून टाकू नयेत. तेराव्याच्या गडबडीत जावा-नणंदा कपाट मोकळं करून देतात आणि सहा महिन्यांनी माणूस एक विशिष्ट शाल शोधत बसतो. एका वेळी एक कप्पा, अर्धा तास, तीन ढीग: ठेवायचं, द्यायचं, नंतर ठरवायचं. तिसरा ढीग सगळ्यात मोठा झाला तरी चालतो.

आता मुलीकडे. ती दिवसातून चार वेळा फोन करून ‘जेवलात का?’ विचारत होती. काका दरवेळी हो म्हणत. तिला दोन गोष्टी बदलायला सांगितल्या. फोन एकच, रात्री साडेआठला, आणि त्यात बाबांकडून काहीतरी मागायचं: नातवाच्या गणितातलं एक उदाहरण, पोस्टातल्या ठेवीचा हिशेब. जेवणासाठी आग्रहापेक्षा सोय करावी: अर्धी वाटी तांदूळ आणि अर्धी वाटी मुगाची डाळ, चार वाट्या पाणी, कुकरच्या तीन शिट्ट्या, वर तूप, सोबत ताक. आठवड्यातून दोनदा शेजारच्यांकडे ताट, आणि काकांनी त्यांच्याकडे भाजी न्यायची, म्हणजे उपकार वाटत नाही.

पुण्याला नेण्याबद्दल: पहिल्या वर्षात घर विकणं किंवा कायमचं गाव सोडणं टाळावं. वर्ष झालं असलं तरी आधी तीन आठवडे राहून बघावं, परतीचं तिकीट आधीच काढून. तिथे दिवसभर कुलूपबंद फ्लॅटमध्ये टीव्हीसमोर बसायचं असेल तर गावचं वाचनालय बरं. मात्र ‘आता माझं काय काम राहिलं’, ‘तिच्याकडे जायचंय’ अशी भाषा येत असेल, औषधं बंद केली असतील, वस्तू वाटून टाकणं सुरू झालं असेल, तर हा सगळा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी स्पष्ट विचारावं: जीव द्यावासा वाटतो का? विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही. उत्तर हो असेल तर एकटं सोडू नये, मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावं. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी १४५६७.

समुपदेशनाच्या सहाव्या महिन्यात काका पुन्हा खाली गेले. भाद्रपद होता. सवाष्ण गेलेल्या बाईचं श्राद्ध अविधवा नवमीला, आणि त्यानंतर सव्वा महिन्याने दिवाळीचा पाडवा, जिथे ओवाळणारी कुणी नाही. असे दिवस अचानक येत नाहीत, म्हणून पंधरा दिवस आधी कागदावर घ्यावेत: कोण येणार, स्वयंपाक कोण करणार, किती वेळ, आणि सहन झालं नाही तर कुठल्या खोलीत जाऊन बसायचं. काकांचं टेबल दोन आठवडे बंद राहिलं. पुन्हा सुरू करताना दोन्ही वार एकदम घेतले नाहीत. आधी एक शुक्रवार, तोही अर्धा तास, समोर आधीच ठरवून बोलावलेला एकच माणूस. समुपदेशनाच्या भेटीही पुन्हा पंधरवड्याला केल्या, नंतर महिन्याला. वहीतला आकडा सलग दोन आठवडे सातच्या वर राहिला तर भेटीची तारीख न बघता फोन करायचा, एवढं काका आणि मुलगी दोघांना लिहून दिलं आहे.