सर्व विभागांचे नकाशे एका पोर्टलवर आणले म्हणजे राष्ट्रीय भू-स्थानिक व्यवस्था उभी राहिली का?

आपला प्रश्न असा आहे की, देशातील सरकारी विभागांचे सगळे डिजिटल नकाशे एका पोर्टलवर ठेवल्यावर राष्ट्रीय भू-स्थानिक (म्हणजे जमिनीवरील ठिकाणाशी जोडलेल्या) माहितीची पायाभूत व्यवस्था पूर्ण झाली असे म्हणता येईल का, आणि येत असेल तर समन्वयासाठी निराळी यंत्रणा, कायदे आणि समित्या कशाला लागतात. माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. पोर्टल हा या कामाचा सर्वांत सोपा भाग आहे. प्रत्येक प्रकारच्या माहितीला एक जबाबदार विभाग नेमून देणे आणि ती माहिती वर्षानुवर्षे अद्ययावत ठेवण्याचा खर्च त्या विभागाला मिळेल अशी सोय करणे, हे खरे काम आहे. निरनिराळ्या कार्यालयांतून आलेले थर, म्हणजे रस्ते, सीमा, पत्ते अशा एकेका विषयाचे डिजिटल नकाशे, एकमेकांवर बसवण्याचे काम मी करतो, आणि त्यात अडणाऱ्या गोष्टींपैकी तांत्रिक म्हणाव्यात अशा फार थोड्या असतात.

रस्त्यांचा थर घ्या. रस्ते बांधणारा विभाग रुंदी, पृष्ठभाग आणि दुरुस्तीची तारीख नोंदवतो. रुग्णवाहिका पाठवणाऱ्याला एकेरी वाहतूक आणि बंद वळणे हवी असतात, तर जनगणना करणाऱ्याला रस्ता म्हणजे बहुधा गणना-विभागाची हद्दच असते. तिघेही आपापल्या गरजेपुरते बरोबर असतात, पण तिघांनी रस्त्याची तीच मध्यरेषा (नकाशावर रस्ता दाखवणारी रेषा) तीनदा आखलेली असते आणि ती कोठेच तंतोतंत जुळत नाही. हे तिन्ही थर एका पोर्टलवर शेजारी शेजारी ठेवल्याने वापरणाऱ्याचा गोंधळ वाढतो, कारण कोणता अधिकृत मानायचा हे त्याला कोणीच सांगत नाही. मध्यरेषा एकाच विभागाने सांभाळावी, प्रत्येक तुकड्याला कायमचा ओळख क्रमांक द्यावा, आणि बाकीच्यांनी आपली माहिती त्या क्रमांकाला जोडावी, असे ठरले तरच पुढचे काही शक्य होते. असे ठरवताना ज्या विभागाकडून रेषा काढून घेतली जाते त्याला आपले मनुष्यबळ आणि तरतूद जाईल अशी भीती असते. समन्वय यंत्रणेची गरज मुख्यतः येथे पडते.

पत्त्यांच्या माहितीत हा प्रश्न फार स्पष्ट दिसतो. अमेरिकेच्या जनगणना कार्यालयाकडे देशभरातील पत्त्यांची यादी आहे, पण नागरिकांची गोपनीयता राखणाऱ्या कायद्यातील तरतुदींमुळे ती यादी इतर विभागांना देता येत नाही. म्हणून तेथे परिवहन विभागाच्या पुढाकाराने, राज्ये व स्थानिक संस्थांनी स्वेच्छेने दिलेल्या नोंदींवरून, निराळा राष्ट्रीय पत्ता-संच उभारावा लागला. डेन्मार्कने उलट वाट धरली. पत्ते देण्याचा अधिकार तेथे नगरपालिकांकडेच राहिला, मात्र 2002 मध्ये झालेल्या करारानुसार ती माहिती सर्वांना खुली करण्यात आली. 2005 ते 2009 या काळात तिचा थेट आर्थिक लाभ सुमारे 6.2 कोटी युरो आणि खर्च सुमारे 20 लाख युरो झाल्याचा अंदाज नंतर तेथील अभ्यासात मांडला गेला. एवढ्या मोठ्या फरकाच्या आकड्यांकडे मी थोडे सावधपणे पाहतो, कारण लाभ मोजण्याच्या पद्धतीवर बरेच अवलंबून असते. तरीही एकच अधिकृत यादी असण्याचे मोल त्यातून पुरेसे कळते.

आता कायद्यांविषयी. अमेरिकेत 11 एप्रिल 1994 रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी काढलेल्या 12906 क्रमांकाच्या आदेशात एक अत्यंत व्यवहारी कलम होते: कोणत्याही संघीय विभागाने नवी भू-स्थानिक माहिती गोळा करण्यावर पैसे खर्च करण्यापूर्वी, ती आधीच कोणाकडे उपलब्ध आहे का हे सामाईक सूचीत पाहावे. सूचीत पाहण्यासारखे काही असावे म्हणून नव्या माहितीचा मेटाडेटा, म्हणजे ती कोणी, केव्हा व कशी गोळा केली याची नोंद, लिहिणेही बंधनकारक केले गेले. कल्पना निर्दोष होती, पण न पाळणाऱ्याचे काही बिघडत नव्हते. अठरा वर्षांनंतर, 2012 मध्ये, अमेरिकी संसदेसाठी काम करणाऱ्या लेखापरीक्षण संस्थेने विभाग अजूनही एकच माहिती पुन्हा पुन्हा विकत घेत आहेत असा निष्कर्ष काढला. 2018 च्या भू-स्थानिक माहिती कायद्यात म्हणून वार्षिक अहवाल आणि नियतकालिक लेखापरीक्षण आले, आणि मानके ठरल्यानंतर ठरावीक मुदतीने मानकांत न बसणाऱ्या माहितीवर संघीय निधी खर्च करण्यास मनाई आली. युरोपीय संघाने 2007 च्या इन्स्पायर निर्देशात 34 विषय ठरवून सदस्य देशांना मुदती बांधून दिल्या; तेथे माहिती जिथली तिथेच राहते आणि सामाईक नियमांच्या सेवांमधून मिळते.

तांत्रिक मानकांबद्दल थोडक्यातच लिहितो, कारण ती बहुतेक तयार आहेत: मेटाडेटासाठी आयएसओ 19115, आणि नकाशे व घटक इंटरनेटवरून देण्यासाठी ओपन जिओस्पेशियल कन्सोर्टियमची मानके. मात्र संदर्भ-चौकटीकडे, म्हणजे ठिकाणांचे निर्देशांक ज्या आधारावर मोजले जातात त्याकडे, दुर्लक्ष झाले तर पुढचे सगळे श्रम वाया जातात. ऑस्ट्रेलिया ज्या भूपट्टावर आहे तो वर्षाला सुमारे 7 सेंटिमीटर सरकतो, म्हणून त्या देशाच्या 1994 च्या आणि 2020 च्या चौकटींतील निर्देशांकांत सुमारे 1.8 मीटरचा फरक आहे. कोणती चौकट वापरली हे लिहिलेले नसेल तर भूमिगत वाहिनी रस्त्याच्या चुकीच्या बाजूला दिसते आणि खोदणाऱ्याला ते खोदल्यावर कळते.

गोपनीयतेचा मुद्दा अनेकदा माहिती न देण्याचे सोयीस्कर कारण म्हणून पुढे केला जातो. भारताने 15 फेब्रुवारी 2021 च्या मार्गदर्शक तत्त्वांत यावर घेतलेली भूमिका मला योग्य वाटते: संपूर्ण प्रदेशांवर बंदी न घालता संवेदनशील गुणविशेषांची यादी करायची, आणि पूर्वपरवानगीऐवजी नियम पाळल्याचे स्वयंप्रमाणन घ्यायचे. एखादी इमारत कोठे आहे हे उपग्रहचित्रात कोणालाही दिसते. तिच्यात काय चालते हे लिहिले नाही म्हणजे बहुतेक वेळा पुरते.

खर्चाची वाटणी कशी करावी याचे चांगले उदाहरण अमेरिकेच्या उंचीविषयक माहितीच्या कार्यक्रमात आहे. पूर, शेती, वने, विमानवाहतूक अशा सर्वांना जमिनीच्या उंचीची अचूक माहिती लागते. भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने आधी या सर्वांच्या गरजा व अपेक्षित लाभ लिहून घेतले आणि मग इतर विभाग, राज्ये व स्थानिक संस्था यांच्याबरोबर खर्च वाटून लिडार (विमानातून लेसर किरण सोडून उंची मोजण्याचे) सर्वेक्षण करण्याची पद्धत बसवली. पैसे देणाऱ्याला आपल्या भागाचा क्रम आणि दर्जा यांविषयी बोलता येते, त्यामुळे बैठकांना माणसे येतात. निव्वळ मानकांवर चर्चा असलेल्या बैठकांना, माझ्या पाहण्यात, तिसऱ्या वेळेपासून कनिष्ठ प्रतिनिधी पाठवले जातात.

तेव्हा सुरुवात कोठून करावी असे विचारलेत तर नियंत्रण बिंदू (ज्यांचे स्थान अचूक मोजलेले असते असे जमिनीवरील संदर्भ बिंदू), प्रशासकीय सीमा आणि पत्ते ही तीन कामे मी प्रथम घेईन, कारण बाकी जवळजवळ प्रत्येक थर त्यांच्यावर टेकतो. प्रत्येकाचा जबाबदार विभाग, अद्ययावत करण्याची मुदत आणि चूक कळवण्याची सोय लेखी ठरवावी, आणि ती तरतूद अर्थसंकल्पात त्या नावाने दिसावी. पोर्टलचे कंत्राट त्यानंतर काढले तरी काही बिघडत नाही.