उसण उतरली, पण कशानं?

परवा राजवाड्यावर तू त्या कायरोप्रॅक्टिकच्या, म्हणजे हातानं मणक्याला झटके देऊन ‘कट्’ आवाज काढणाऱ्या उपचाराच्या, व्हिडिओवर एकदम तुटून पडलास. तसं करू नकोस. त्यानं माझी पाठ मोकळी झाली असं जो सांगतो, तो खोटं बोलत नसतो. त्याला एवढंच विचार, दुखणं कधी सुरू झालं होतं? उसात वाकून भरलेली उसण बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप ओसरते, आणि माणूस हाडवैद्याकडे जातो तो दुखणं अगदी शिगेला पोचल्यावर. मग उताराचं श्रेय कुणाला? म्हणून चिठ्ठ्या टाकून पाडलेले दोन गट लागतात, एकाला हा उपचार, दुसऱ्याला दुसरा.

अशा चाचण्यांत मणक्याला झटके देण्याचा कंबरदुखीवर थोडा उपयोग दिसतो, साधारण व्यायामाइतकाच. हे लपवायचं नाही, नाहीतर आपल्यात आणि जाहिरातवाल्यात फरक काय! दमा, बहिरेपणा बरा होतो म्हणाले, की मात्र पुरावा माग. १८९५ साली अमेरिकेत पामर नावाच्या माणसानं ही पद्धत काढली तीच एका बहिऱ्याला ऐकू आल्याच्या दाव्यावर. आणि तो ‘कट्’ आवाज? सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते, हाड जागेवर बसत नाही.

मानेच्या झटक्याबद्दल मात्र स्पष्ट बोल. क्वचित का होईना, मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत. कंबरदुखीसोबत लघवी अडली किंवा जांघेत बधिरपणा आला, तर चर्चा करत बसू नकोस. थेट सिव्हिलला ने.