फेसलिफ्टनंतर किती दिवसांत चारचौघांत जाता येतं? महिन्याभराने घरात लग्न आहे, लोकांना काय सांगू?

तुमच्या प्रश्नाचं दुसरं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. लोकांना खरं सांगा. पडले, ॲलर्जी आली, दाढ काढली, यातलं काहीही सांगू नका. आमच्याकडे सांगून झालंय.

माझ्या आईने रिटायर झाल्यावर फेसलिफ्ट, म्हणजे चेहऱ्याची सैल पडलेली कातडी वर ओढून घ्यायचं ऑपरेशन, करून घेतलं, सोबत वरच्या पापण्यांचंही. ती दादाकडे परळला असते, मी मुलुंडला. दादाचं म्हणणं, पापण्या डोळ्यांवर उतरल्यात तेवढं समजू शकतो, पण गालांचं काय अडलंय? ‘या वयात ही थेरं’ हे त्याचं पालुपद. हाच माणूस दर रविवारी खिडकीच्या गजाला आरसा अडकवून मिशीला कलप लावतो, ती थेरं नाहीत!

आईला घरी आणलं तेव्हा हनुवटीखालून डोक्यावर गुंडाळलेलं बँडेज आणि डोळ्यांच्या जागी दोन फटी. लिफ्टमध्ये शेजारचे भेटले, तर घरच्यांनी ठोकून दिलं, "बाथरूममध्ये पडली." झालं. संध्याकाळपासून माणसांची रीघ. कोणी शहाळी आणतंय, कोणी हाडवैद्याचा पत्ता देतंय. आईला जास्त बोलायचं नव्हतं, चावून खायचं नव्हतं. ती बिचारी उशांना टेकून पेज पितेय आणि समोरचे एक्सरे दाखवा म्हणताहेत. त्यात गालावरचं काळंनिळं हळूहळू गळ्यावर उतरलं. (ते उतरतंच, छातीपर्यंतही येतं. आधी हिरवट, मग पिवळं होऊन जातं. घाबरू नका.) ते पाहून तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी आईच्या कानाशी लागून विचारलं, "खरं सांगा, सून हात उचलते का?"

वहिनी स्वयंपाकघरात होती. घर केवढं, सगळं ऐकू येतं. ती हातात पळी तशीच घेऊन बाहेर आली. "काकू, आईंनी चेहऱ्याचं ऑपरेशन करून घेतलंय. कानापुढे टाके आहेत, बघायचेत?" काकूंनी पर्समधून चष्मा काढून खरोखर बघितले. मग विचारलं, खर्च किती आला. त्या दिवसापासून भेटायला येणं बंद आणि आईला निवांत झोप. दादाने मात्र वहिनीशी अबोला धरला, का तर म्हणे घरची इज्जत गेली. म्हणजे बायकोवर सासूला मारल्याचा आळ आलेला चालतो, आईने गाल वर ओढून घेतलेले चालत नाहीत.

‘आपल्याकडे असलं नसतं’ हेही त्याचंच. १७९४ साली लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये पुण्याकडच्या शस्त्रक्रियेची हकिकत छापून आली होती, कपाळाची कातडी वळवून कापलेलं नाक नव्याने बसवल्याची. ते बघूनच तिकडचे डॉक्टर ही पद्धत शिकले. ती गरजेची होती, ही हौसेची, एवढं मलाही कळतं. पण ‘आपल्याकडे नसतं’ म्हणू नये.

आता तुमचं. सूज पहिले दोन-तीन दिवस वाढतच जाते आणि नेमकं तेव्हाच आरशात बघून रडू येतं, हे कशाला केलं असं वाटतं. सर्जनने आम्हाला आधीच बजावलं होतं म्हणून आई निभावली. टाके साधारण ५ ते १० दिवसांत निघतात. दोन-तीन आठवड्यांत उरलेले डाग मेकअपखाली जातात. तेव्हा महिन्याने लग्नात बसाल, पण फोटोत हसू ओढल्यासारखं येईल. नवऱ्यामुलाची आई असाल तर लग्न उरकून करा.

बधिरपणाचं कोणी नीट सांगत नाही. कानाच्या पाळीला, गालाला कित्येक महिने धड स्पर्श कळत नाही. आईला कुडी घालताना मळसूत्र बसलं की नाही ते बोटाने चाचपून बघावं लागायचं. म्हणून गीझरचं कढत पाणी आणि हेअर ड्रायर लांब ठेवा, भाजलेलं कळणार नाही. झोपताना डोकं उंच, वाकून काही उचलायचं नाही, लोकलच्या गर्दीत तर मुळीच घुसायचं नाही. तंबाखू, मिश्री, सिगरेट कित्येक आठवडे आधीच बंद, नाहीतर टाक्यांजवळची कातडी काळी पडून मरते. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

पहिल्या दिवसात एकाच बाजूला एकदम सूज आणि ठणका आला, तर आत रक्त साठत असू शकतं. बीपीवाल्यांना आणि पुरुषांना हा धोका जास्त. पापण्यांचं केलं असेल आणि डोळा भयंकर दुखून अंधुक दिसायला लागलं, तर रात्री दोन वाजलेले असोत, हॉस्पिटल गाठा. मी डॉक्टर नाही, तुमचा सर्जन सांगेल ते खरं. पण त्याच्याकडे प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी ही पदवी आहे ना, हे ठरवण्याआधी बघा. पार्लरच्या बोर्डावर भुलू नका.

हौसेच्या सर्जरीला मेडिक्लेम मिळत नाही, वर १८ टक्के जीएसटी. ते बिल दादाने जपून ठेवलंय, वाद निघाला की काढतो. काढू दे. ग्रॅच्युइटी आईची होती.